केंद्राचा इतिहास लिहायचाय: आधी कॅसेट की नोंदवह्या?

हिट गाणी वाजवणाऱ्या स्थानिक खाजगी रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायला घेतलाय आणि वेळ मोजकाच आहे. मग प्रसारण मुद्रित केलेल्या जुन्या कॅसेट आधी ऐकायच्या की काय कधी वाजलं ते लिहिलेल्या प्रसारणाच्या नोंदवह्या चाळायच्या?

निवेदकाची लय, जिंगल, गाण्याचे बोल सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत नेमकं बसवलेलं बोलणं, हे सगळं फक्त फितीतच सापडतं. वही तिथे मुकी असते. पण अशा बऱ्याच फितींवर गाणी कापलेली असतात, कारण निवेदकाचा मायक्रोफोन सुरू झाला की ध्वनिमुद्रण सुरू, बंद झाला की थांबलं, अशी जोडणी असायची. त्यामुळे एखादं गाणं दिवसात किती वेळा वाजलं हे फितीवरून ठरवू नका. ते वहीतूनच काढा. फक्त ऐनवेळचे बदल तिच्यात सुटलेले असू शकतात.

तारखेसाठी वही बरी. कॅसेट पुन्हा पुन्हा वापरल्या जायच्या, लेबल जुनंच राहायचं. फितीतल्या बातम्यांवरून पडताळा घ्या.

मेहनतीत फरक मोठा. 60 मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला 60 मिनिटं लागतातच. शिवाय दर फितीला हेडचा, म्हणजे प्लेअरमधल्या फीत वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवावा लागतो, नाहीतर तीव्र स्वर दबतात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ अशा उच्च दर्जाच्या डिजिटल प्रतीत स्टिरिओचा एक तास सुमारे 2 जीबी होतो. वहीची पानं मोबाइलनेही टिपता येतात.

गाण्यांचं धोरण आणि जाहिराती अभ्यासायच्या असतील तर वह्या घ्या. श्राव्य माहितीपट किंवा निवेदनशैलीवर लिहायचं असेल तर कॅसेट.