फ्रीजचा वास: आखाजीपासून होळीपर्यंतचा माझा अनुभव

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस करून दोन तास फ्रीजमध्ये ठेवला आणि पानात वाढला. पहिल्याच घासाला सासूबाई म्हणाल्या, "व माय, रसले लसूनना वास ई ऱ्हायना!" खरंच येत होता. आदल्या रात्रीचा ठेचा आणि शेवभाजीचा रस्सा, दोन्ही नुसत्या ताटलीखाली झाकलेले होते. पाहुण्यांसमोर फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून या वासाच्या मागेच लागले.

आमचा फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, सहा वर्षांचा. अशा फ्रीजमध्ये पंखा तीच हवा वर फ्रीझरमध्ये आणि खाली फिरवत राहतो. म्हणून ठेचा खाली असला तरी बर्फालाही वास लागतो. मी आधी बर्फाचे सगळे ट्रे रिकामे केले.

लिंबाच्या फोडी दोन दिवस पुरल्या. सुगंधी जेल आणलं, तर लसूण आणि मोगरा एकत्र यायला लागले. ते कोणी घेऊ नका. खायचा सोडा वाटीत ठेवून महिनाभर पाहिला. आंबूस वास, म्हणजे दूध-दही सांडल्याचा, त्याने नक्की कमी होतो, कारण तो वास आम्लांचा असतो. लसूण-कांद्याचा वास गंधकाच्या संयुगांचा. त्यावर सोड्याचा फारसा जोर चालत नाही. ठेवायचाच तर खोल वाटीपेक्षा पसरट ताटलीत ठेवा. पण सोड्याचा खरा उपयोग पुसायला: लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे. साबणाचा वास मागे राहतो, याचा राहत नाही.

मग अॅक्टिव्हेटेड कोळशाच्या दोन पिशव्या आणल्या. हा चुलीतला कोळसा नव्हे. याला इतकी बारीक छिद्रं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग 500 चौरस मीटरच्या वर जातो आणि वासाचे कण त्यावर चिकटून बसतात. चौथ्या दिवशी फरक जाणवला. लसणाच्या वासावर याच्याइतकं दुसरं काहीच चाललं नाही. महिन्यातून एकदा गच्चीवर कडक उन्हात ठेवते. त्याने ओल जाते, थोडी ताकद परत येते, पण पहिल्यासारखी नाही. पाच महिन्यांनी मी पिशव्या बदलल्या.

एवढं करूनही श्रावणात सकाळी दार उघडलं की ओल्या फडक्यासारखा कुबट वास यायचा. डबे सगळे काढले, भाज्यांचा ट्रे धुतला, काही सापडेना. शेवटी आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जायचं बारीक भोक दिसलं. त्यात कोथिंबिरीची काडी अडकून काळी पडली होती. प्लग काढला, सुई नसलेल्या सिरिंजने कोमट सोड्याचं पाणी हळूहळू सोडलं. आधी तुंबलं, मग एकदम गुळगुळ करून खाली गेलं. फ्रीज भिंतीपासून ओढला, तर मागे हे पाणी जिथे साठतं त्या कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये बोटभर चिकट, शेवाळी थर! वास तिथूनच येत होता. ट्रे निघत नाही, म्हणून कॉम्प्रेसर गार झाल्यावर फडक्याने तीनदा पुसून काढला. सहा वर्षांत तिथे कधी हात लावला नव्हता. वास आतून येत नसेल, तर आत किती पिशव्या टांगून काय होणार?

दाराच्या रबराच्या घड्यांतही तेलकट काळे ठिपके होते. जुन्या टूथब्रशने निघाले.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दार सतत उघडतं आणि डबे ठासून भरलेले असतात. आत छोटा थर्मामीटर ठेवला तर 9 अंश दाखवत होता. हवा येण्याच्या जाळीपुढचे डबे हलवले, गारव्याचं सेटिंग वाढवलं, तेव्हा 4 वर आला. अन्न आंबायचंच कमी झालं.

थंडीत भरताचे दिवस आले तेव्हा खरी परीक्षा झाली. भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सगळंच उग्र. आता भरीत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि ठेचा काचेच्या बरणीत जातो. प्लॅस्टिकचे जुने डबे किती घासले तरी वास सोडत नाहीत, ते मी धान्याला दिले.

दर महिन्याच्या एक तारखेला भोक आणि मागचा ट्रे बघते, दहा मिनिटं लागतात. परवा आठवड्याची साय घुसळली. सायीला दुसऱ्याचा वास सगळ्यात आधी लागतो. सासूबाईंनी लोणी नाकाजवळ नेलं, काही बोलल्या नाहीत, आणि तूप कढवायला ठेवलं.