रक्तशर्करा, फुप्फुसांचा कर्करोग आणि ‘जीबीडी कम्पेअर’चे रंगीत चौकोन

जागतिक रोगभाराचे (‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ अर्थात ‘जीबीडी’, म्हणजे आजारांमुळे होणारे मृत्यू आणि गमावलेली निरोगी वर्षे) अंदाज नकाशांतून आणि आलेखांतून दाखवणारे ‘जीबीडी कम्पेअर’ हे विनामूल्य संगणकीय साधन सिॲटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका संस्थेने तयार केले आहे. वाढलेल्या रक्तशर्करेच्या खात्यात फुप्फुसांच्या कर्करोगाचा किती भार मांडला जातो, एवढाच प्रश्न घेऊन मी ते वापरून पाहिले.

हाताळणी सोपी आहे. जोखीम घटकांच्या यादीत ‘उपाशीपोटीची वाढलेली रक्तशर्करा’ निवडली की तिच्याशी जोडलेले आजार चौकोनांत दिसतात, आणि चौकोन जितका मोठा तितका भार जास्त. त्यांत मधुमेह आणि हृदयविकार यांच्यासोबत श्वासनलिका व फुप्फुसांचा कर्करोगही आढळतो (श्वासनलिकेचा आकडा वेगळा काढता येत नाही, पण तो तसाही नगण्य आहे). मृत्यूंबरोबरच अकाली मृत्यूने गमावलेली आणि आजारपणात गेलेली वर्षे एकत्र मोजण्याची सोय मला सर्वांत उपयुक्त वाटली.

अडचण आहे ती आकड्यांच्या अर्थाची. येथे ‘वाढलेली’ रक्तशर्करा म्हणजे केवळ मधुमेह नव्हे. मधुमेहाच्या निदानाची मर्यादा दर डेसिलिटर रक्तामागे १२६ मिलिग्रॅम असली, तरी या गणितातील आदर्श पातळी १०० च्याही खाली धरलेली असल्यामुळे स्वतःला निरोगी समजणारे असंख्य लोक हिशेबात येतात. शिवाय प्रत्येक जोखमीचा वाटा स्वतंत्रपणे काढलेला असल्याने तंबाखू, हवेचे प्रदूषण आणि शर्करा यांच्या वाट्यांची सरळ बेरीज करता येत नाही, आणि धूम्रपानाने मधुमेहाचाही धोका वाढत असल्यामुळे शर्करेच्या नावावर पडलेला काही भार मुळात धुराचा असण्याची शंका उरते. साधन मात्र हा गुंता एका नीटस चौकोनात बसवून मोकळे होते, हे मला खटकले.

२०२२ मध्ये जगभरात सुमारे १८ लाख लोक फुप्फुसांच्या कर्करोगाने दगावले, असा कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. त्यांतील शर्करेचा वाटा तंबाखूच्या मानाने लहान, आणि त्याभोवतीची अनिश्चितता मोठी. म्हणून एकूण मृत्यूंऐवजी वयप्रमाणित दर (लोकसंख्येच्या वयोरचनेतील फरक वगळून काढलेला दर) निवडावा, मधल्या आकड्याआधी कंसातील किमान आणि कमाल मर्यादा वाचाव्यात, आणि शेजारी तंबाखूचा आलेख उघडा ठेवावा; एवढी काळजी घेणाऱ्या अभ्यासकाला मी हे साधन निःसंकोच सुचवीन, घाईत एखादा आकडा उचलू पाहणाऱ्याला नाही.