इस्तंबूलमधली एकच संध्याकाळ: मेयहाने की बॉस्फरसकाठचा मासा?

इस्तंबूलला निघालेल्या मासेखाऊ मंडळींना मी आधी विचारतो, जाताय कोणत्या महिन्यात? कारण कुठे जेवायचं हे बरंचसं त्यावरच ठरतं.

१५ एप्रिल ते ३१ ऑगस्ट तिथे मोठ्या बोटींची मासेमारी बंद असते, आपल्याकडे जून-जुलैत असते तशी. त्या दिवसांत बॉस्फरसच्या, म्हणजे शहराच्या मधून जाणाऱ्या सामुद्रधुनीच्या काठच्या हॉटेलांत पिंजऱ्यात वाढवलेले लेव्रेक आणि चिपुरा हेच मासे जास्त दिसतात. वाईट नसतात, पण त्यांच्यासाठी पाण्याकाठच्या टेबलाचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात सरळ मेयहाने गाठा.

मेयहाने म्हणजे गझलांतला मयखानाच, शब्द मूळचा फारसी. बेयोलू भागातल्या मासळी बाजारामागची नेविझादे गल्ली अशा जागांनी भरलेली आहे. वेटर मोठा ट्रे घेऊन येतो, त्यात मेझेच्या, म्हणजे थोडं थोडं चाखायच्या पदार्थांच्या छोट्या बश्या. बोट दाखवाल ती बशी टेबलावर उतरते. हायदारी खाताना चक्का आठवतो: घट्ट टांगलेलं दही, लसूण, पुदिना. वांग्याचं भरीतही असतं, फक्त फोडणीऐवजी लिंबू आणि ऑलिव्ह तेल. लाकेर्दा मात्र सोडू नका. मिठात मुरवलेल्या माशाचे जाड, गुलाबी काप, सोबत कांदा. खारवलेला मासा म्हटल्यावर आपल्याला सुक्या बाजाराचा वास आठवतो, तो इथे नाही. काप जिभेवर लोण्यासारखा विरघळतो.

मासळीच्या हॉटेलातही सुरुवात मेझेनेच होते, पण तिथे ते मासा येईपर्यंतचं खाणं. मेयहानेत तेच जेवण, राकी या तुर्की दारूच्या घोटांबरोबर तीन-तीन तास चालणारं. अर्धा ट्रे भाज्यांचा असतो, त्यामुळे सोबत कुणी शाकाहारी असेल तरी मेयहानेच बरं. लहान मुलं असतील तर नको. गोंगाट फार आणि जेवण लांबतं.

सप्टेंबर उजाडला की माझा सल्ला बदलतो. आधी पालामुत मासा येतो, मग ल्युफेर, थंडीत हाम्सी. ल्युफेरचं कौतुक एवढं की वाढत्या आकाराप्रमाणे त्याची नावं बदलतात: चिनेकोप, सारिकानात, ल्युफेर, कोफाना. निखाऱ्यावर भाजून येतो तेव्हा कातडी कुरकुरीत आणि आत रस. मसाला नाही, फक्त मीठ, तेल, लिंबू. पहिल्या घासाला तिखट-कोकमाची आठवण येते, तिसऱ्या घासाला माशाची स्वतःची चव कळते. अशा दिवसांत पाण्याकाठीच जेवा: बॉस्फरसकाठच्या अर्नावुतक्योय भागात, नाहीतर एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोटीने अनादोलू कावाई या गावी जाऊन.

मासा वजनावर असतो. बर्फावरचा आपण निवडा, समोर वजन करून घ्या आणि भाजायला जाण्याआधी भाव विचारा. एका ठिकाणी आम्ही विचारलं नाही, तर त्या एका माशाचं बिल बाकी सगळ्या जेवणापेक्षा जास्त निघालं.