उपग्रह-उड्डाणांचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप : दिवाळी ते चवथ वापरल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास मी फोनवर उपग्रह-उड्डाणांचं वेळापत्रक दाखवणारं एक मोफत अ‍ॅप घेतलं. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलीय आणि मधल्या काळात ते जवळजवळ रोज उघडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. मुलांना उड्डाण थेट दाखवायचं तर कुठलं रॉकेट कधी सुटणार हे आदल्या दिवशी तरी नक्की कळायला हवं, माझी गरज एवढीच. अशी बरीच अ‍ॅप्स लाँच लायब्ररी या एकाच खुल्या माहितीसाठ्यातून तारखा घेतात, तेव्हा यातलं बरंचसं तुमच्याकडच्या अ‍ॅपलाही लागू पडेल.

आधी तारखांबद्दल. यादीत प्रत्येक उड्डाणासमोर तारीख असते, पण सगळ्या सारख्या पक्क्या नसतात. ‘एनईटी’ लिहिलेलं असेल तर त्या दिवसाच्या आधी उड्डाण होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. नुसता महिना ठरला असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस टाकून ठेवतात आणि नुसतं वर्ष ठरलं असेल तर ३१ डिसेंबर. अ‍ॅपमध्ये शेजारी बारीक अक्षरांत ‘तारीख अनिश्चित’ अशी खूण येते, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. मात्र हेच वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरला जोडलं की खूण गळून पडते आणि कोरी तारीख तेवढी उरते. माझ्या कॅलेंडरात ३१ डिसेंबरच्या चौकोनात रॉकेटांची रांगच लागली होती, त्यातलं एकही त्या दिवशी उडणार नव्हतं. ती जोडणी मी काढून टाकली. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी हे दुरुस्त करायलाच हवं, कारण नवखा माणूस कॅलेंडरवरच विश्वास ठेवणार.

वेळेचा प्रश्न त्याहून नाजूक. सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडली नाही तर मध्यरात्र उलटल्यानंतरची उड्डाणं एक दिवस अलीकडे दिसतात. आपल्या कामाची किती उड्डाणं नेमकी त्याच वेळेला असतात, हे पाहण्यासारखं आहे. जीसॅट-एन२ हा आपला ४,७०० किलोचा उपग्रह स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवरून गेला. आपलं एलव्हीएम३ रॉकेट अशा उपग्रहांना लागणाऱ्या उंच कक्षेत साधारण ४,००० किलो नेतं, म्हणून एनएसआयएलने, म्हणजे इस्रोची व्यावसायिक कामं पाहणाऱ्या सरकारी कंपनीने, अमेरिकेतलं व्यावसायिक रॉकेट घेतलं. फ्लोरिडात तेव्हा १८ नोव्हेंबरची दुपार होती आणि आपल्याकडे १९ नोव्हेंबर लागून एक मिनिट झालं होतं. पिक्सेल या बंगळुरूच्या कंपनीचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह जानेवारीत कॅलिफोर्नियातून गेले, तेही आपली मध्यरात्र उलटल्यावर. वेळ एकदा नीट लावली की पुढे त्रास नाही.

या अ‍ॅपचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बदलांच्या नोंदींचा. उड्डाणाच्या नावावर बोट ठेवलं की खाली मूळ तारीख, नंतरच्या तारखा आणि शक्य असेल तिथे कारण, असं सगळं ओळीने उघडतं. युरोपीय अंतराळ संस्थेची प्रोबा-३ ही यानांची जोडी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५९ रॉकेटवरून ४ डिसेंबरला जायची होती. एनएसआयएलमार्फत झालेलं हे व्यावसायिक उड्डाण. शाळा दीडला सुटते, तरी आठवी-नववीची मुलं घरी जेवून चारच्या आत परत आली होती. तासाभराहूनही कमी वेळ उरला असताना उड्डाण थांबवलं. मुलांचे चेहरे उतरले. एकीने विचारलं, “सर, आपलं रॉकेट बिघडलं?” नोंद उघडून तिलाच वाचायला लावली: अडचण प्रोबाच्या प्रणोदन यंत्रणेत आढळली होती, रॉकेटमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी ४ वाजून ४ मिनिटांनी ते सुटलं, तेव्हा वर्गात आदल्या दिवसापेक्षा जास्त मुलं होती.

महिनाअखेरीस स्पेडेक्सची, म्हणजे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडण्याच्या इस्रोच्या प्रयोगाची, वेळ ९:५८ वरून रात्री १० वर गेली. दोन मिनिटं! त्याच कक्षेतल्या दुसऱ्या उपग्रहांच्या फार जवळून जाऊ नये म्हणून. वर किती गर्दी झालीय हे पाठ्यपुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा त्या एका ओळीने मुलांना अधिक समजलं. आणि शुभांशु शुक्ला यांच्या वेळी तर पालकांचेही फोन येत होते. उड्डाण उपग्रहाचं नव्हतं, पण रॉकेट तेच, फाल्कन ९. मूळ तारीख २९ मे. मग ८, १०, ११, १९, २२ करत अखेर २५ जून. कधी हवामान, कधी रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती, कधी अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातली दुरुस्ती. एकेक कारण समोर असलं की लोक ‘पुन्हा रद्द’ म्हणून वैतागत नाहीत, पुढचं विचारतात.

एका बाबतीत मात्र अ‍ॅप फारच तोकडं आहे. अनेक कंपन्यांचे छोटे उपग्रह एकत्र नेणाऱ्या, स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टरसारख्या फेऱ्यांची नोंद एकाच ओळीत संपते. पिक्सेल शोधलं तर काही सापडत नाही, कारण नोंद ‘ट्रान्सपोर्टर-१२’ अशी, आणि त्या फेरीत सव्वाशेहून अधिक उपग्रह होते. ही फेरी कदंबच्या बसगाडीसारखी असते, एका प्रवाशासाठी थांबत नाही. ज्याचा उपग्रह तयार नसेल तो पुढच्या फेरीला. स्वतंत्र छोटं रॉकेट घेतलं तर वेळ आणि कक्षा आपल्या सोयीची मिळते, पण किलोमागे खर्च बराच वाढतो. भारतातल्या नव्या कंपन्यांचा जीव या फेऱ्यांमध्ये अडकलेला असतो, तेव्हा निदान उपग्रहांची नावं तरी शोधता यायला हवीत.

सूचनांच्या बाबतीत माझा सल्ला असा: फाल्कनसाठी तासभर आधीची सूचना बंद करा आणि अर्ध्या तासाची ठेवा. त्या रॉकेटमध्ये अतिथंड द्रव ऑक्सिजन आणि केरोसीन भरणं उड्डाणाआधी साधारण ३५ मिनिटं सुरू होतं. भरणं सुरू झालं असेल तर टीव्ही लावण्यात अर्थ आहे, नसेल तर वेळ बहुधा पुढे जाणार. स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्सचे इंटरनेट पुरवणारे उपग्रह, त्यांच्यासाठी वेगळी चाळणी लावा, नाहीतर बाकीचं दिसणारच नाही. २०२४ मध्ये फाल्कन रॉकेटांची १३४ उड्डाणं झाली, त्यातली निम्म्याहून अधिक स्टारलिंकची.

स्टारलिंक मी सरसकट लपवत नाही मात्र. उड्डाणानंतरचे पहिले काही दिवस ते उपग्रह एकामागोमाग एक ओळीने जातात, आणि संध्याकाळी वा पहाटे आकाश मोकळं असेल तर गोव्यातूनही ती माळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. अ‍ॅप फक्त उड्डाण सांगतं, माळ इथून कधी दिसेल ते वेगळ्या साइटवर पाहावं लागतं. जून ते सप्टेंबर त्याचाही उपयोग नाही, ढग हटतच नाहीत.

पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत जाहिराती जातात आणि मुख्य पडद्यावर उलटी मोजणी ठेवता येते. वर्गासाठी मोफत आवृत्ती पुरते. पाचपैकी चार तारे, एक कॅलेंडरपायी कापलाय.