उघड्या डेकला तेल की व्हार्निश?

कोकणात समुद्राकाठच्या घराला सागवानी डेक, म्हणजे बाहेरचा उघडा फळ्यांचा ओटा, असला की मे महिन्यात हा प्रश्न येतोच. व्हार्निशचे दोन-तीन हात मारले की पहिल्या दिवशी झकास चकाकतं. पण ती लाकडावर धरलेली साय. उन्हाने तिला तडे जातात, तिथून शिरलेलं पावसाचं पाणी खालीच अडकतं. गणपतीपर्यंत पांढुरके फोड दिसू लागतात, नखाने पापुद्रे निघतात. मग अख्खी फळी पॉलिशपेपरने घासल्याशिवाय नवा हात बसत नाही. मजुरी खरी तिथे जाते.

डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं, अळशीचं तेल आत मुरतं. चकाकी बेताची, दरवर्षी लावायचं, शिवाय दमटपणात त्यावर काळी बुरशी धरते. म्हणून बुरशीनाशक घातलेलं डेक ऑइल घ्यावं. पण डागडुजी सोपी: घासा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा चोळा. अळशीच्या तेलाने माखलेले चिंध्यांचे बोळे मात्र ढिगाने टाकू नका, आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवूनच ठेवा.

छपराखालच्या झोपाळ्याला व्हार्निश खुशाल द्या. डेकला माझं मत तेलालाच. आणि स्क्रू ३१६ ग्रेड, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या, स्टेनलेसचे घ्या. साधे गंजतात, सागावर काळे डाग पाडतात, ते ना तेलाने झाकतात ना व्हार्निशने.