चाकण की कागल: तासाचे पैसे घराच्या उंबऱ्यापासून मोजले तर

मी तीन वर्षं पुण्याजवळच्या चाकणला काढली आणि गेलं दीड वर्ष कोल्हापूरजवळच्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. काम दोन्हीकडे तेच, व्हीएमसी (धातूचे भाग कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन) ऑपरेटर, आणि दोन्हीकडे कॉन्ट्रॅक्टवरच. आमच्या भागातली आयटीआय झालेली पोरं दर उन्हाळ्यात एकच गोष्ट विचारतात, चाकणला जाऊ का इथंच थांबू. म्हणून माझा हिशेब मांडतो. आकडे माझे आहेत, तुमचे थोडे पुढंमागं होतील.

चाकणला 26 हजेऱ्या भरल्या की हातात 17,400 यायचे, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला 84 रुपये. कागलला 14,100 येतात, तासाला 68. पीएफ आणि ईएसआय दोन्हीकडे कापतात, तिथं बरोबरी. नुसता हा आकडा बघितला तर कुणीही चाकणची गाडी पकडेल. मीही पकडली होती.

चाकणला असताना राहायला मोशीत होतो, गावातल्याच दोघांबरोबर. भाडं, लाईटबिल, पाणी धरून माझ्या वाट्याला 2,400. मेसचे दोन वेळचे 3,200. पेट्रोल 2,000. चहा-नाष्टा, मोबाईल आणि किरकोळ 1,500, महिन्यातून एकदा गावी यायला-जायला 1,000. मागं उरायचे 7,300. कागलला मी घरातूनच जातो. घरात 4,000 देतो, कारण घरची भाकरी फुकट येत नाही. पेट्रोल 1,000, बाकी किरकोळ 1,000. उरतात 8,100. राज्यात किमान वेतन परिमंडळाप्रमाणे वेगळं असतं, महागाई भत्ताही दर जानेवारी-जुलैला बदलतो. पण परक्या गावातलं भाडं, मेस आणि पेट्रोल त्या फरकातून निघत नाही, निदान माझं तरी निघालं नाही.

तरीही 800 रुपयांसाठी मी चाकण सोडलं नसतं. सोडलं ते लेट मार्कमुळे.

आमची वेळ सकाळी साडेआठची. मोशीतून निघायचं, इंद्रायणीचा पूल, मग नाशिक रस्त्याने तळेगाव चौक, तिथून डावीकडे महाळुंग्याच्या बाजूला. सगळं मिळून 18 किलोमीटर. कंपनीची बस होती, पण ती कायम कामगारांना. आम्ही आपापल्या गाडीवर. तळेगाव चौकात एखादा कंटेनर वळताना अडकला की पुढच्या गाड्या हलत नाहीत आणि दुचाकीलाही दोन ट्रकच्या मधून वाट मिळत नाही. पावसाळ्यात कडेच्या खड्ड्यांत पाणी भरलेलं, त्यामुळे बाजूने काढायची हिंमत होत नाही. हँडल धरून उभं राहायचं आणि घड्याळ बघायचं. साडेआठनंतर पाच मिनिटांची सूट. आठ पस्तीस झाले की पंचिंग मशीनवर अंगठा लावला तरी नावापुढे लेट मार्क. तीन लेट मार्कला अर्धी हजेरी कापायची आणि महिन्याचा 500 रुपये हजेरी बोनसही जायचा. एका जुलैत माझे सात लेट मार्क झाले. दोन अर्ध्या हजेऱ्या गेल्या, म्हणजे एका दिवसाचे 670, वर बोनस. एकूण 1,170 रुपये, आणि त्या महिन्यात मी एक दिवसही सुट्टी घेतली नव्हती. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, लवकर निघत जा.

मग लवकर निघायला लागलो. पावणेसातला खोली सोडायची. चौक मोकळा मिळाला तर आठला गेटवर, आणि अर्धा तास बाहेर टपरीपाशी उभं. संध्याकाळी पाचला सुटलो तरी खोलीवर यायला पावणेसात. म्हणजे आठ तासांच्या पगारासाठी घराबाहेर बारा तास. 17,400 ला त्या सगळ्या तासांनी भागलं तर तासाला 56 रुपये पडतात. कागलला माझं गाव एमआयडीसीपासून नऊ किलोमीटर, मध्ये उसाचे ट्रॅक्टर सोडले तर अडथळा नाही, आणि जाऊन येऊन साडेनऊ तास होतात. तिथं पडतात 57. ज्याला मी तीन वर्षं जास्त पगार समजत होतो, तो एवढाच होता.

चाकणच्या बाजूनेही बोलायला हवं. तिथं ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, भरपूर. महिन्याला 40 तास ओटी केली की उरणारा पैसा कागलच्या पुढे जातो, हे खरं आहे. कायद्याने ओटीचा दर दुप्पट आहे. मला सिंगल दराने मिळायची आणि स्लिपवर ती प्रवासभत्ता म्हणून दाखवायचे, तरीही 3,300 च्या वर यायचे. शिवाय शिकायला मिळतं. मोठ्या गाडी कंपन्यांचे सप्लायर तिथं आहेत, नवी मशीन आधी तिथं येतात, आणि आज मी जे सेटिंग करतो ते तिथंच शिकलो. कागलला बरंचसं काम फाउंड्रीच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं. धूळ जास्त, आणि ऑर्डर कमी झाली की एखादा दिवस घरी बसवतात. वय वीस-बावीस असेल, घरची जबाबदारी नसेल, तर दोन वर्षं चाकणला काढायला माझी ना नाही.

पण घरी आईवडील असतील, जनावरं असतील, लग्न झालेलं असेल, तर मला कागलच बरं वाटतं. साडेपाचला घरी आलो की म्हशीची धार काढायला वडिलांना हात देता येतो. चाकणला त्या वेळी मी तळेगाव चौकात असायचो.

ज्यांचं घर कागलजवळ नाही, त्यांना इथंही खोली घ्यावी लागेल आणि माझ्या हिशेबातले 8,100 तेवढे उरणार नाहीत, हे धरून चाला. आणि चाकणला जायचं ठरलंच तर कॉन्ट्रॅक्टरला पगार विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: बस आम्हाला आहे का, आणि किती लेट मार्कला हजेरी कापता.