बारा भोकांचा डबा, सहा रोपांचा हिशेब

खोक्यावरच्या फोटोत बाराही भोकांमधून लेट्यूसचे गुबगुबीत गड्डे डोकावतात. वर्षभर हा घरातला हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवायचा डबा वापरतेय, तसं दृश्य मला एकदाही दिसलेलं नाही.

वस्तू म्हणून डबा चांगला आहे. टाकी ४ लिटरची, पंपाचा आवाज फ्रिजपेक्षा कमी, दिवा १६ तास चालून आपोआप बंद होतो आणि दांडीवर वर-खाली सरकतो. भोकं तीन ओळींत चार-चार, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९ सेंटिमीटर. सगळी गोम या ९ सेंटिमीटरमध्ये आहे. लेट्यूस नीट पसरायचा तर १५ ते २० सेंटिमीटर हवेत.

पहिल्या खेपेला पुस्तिकेवर विश्वास ठेवून मी बाराही भोकं भरली. दोन आठवडे दृष्ट लागावी अशी हिरवळ. मग पानं एकमेकांवर चढली. मधल्या दोन रोपांनी नुसत्या माना उंच केल्या. देठ लांबुडके, पानं फिकट. शेजारची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि फार-रेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश) परतवतात. तेवढ्यावरून रोपाला गर्दीचा सुगावा लागतो आणि पानं भरायचं सोडून ते उंच व्हायच्या मागे लागतं. त्यात कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या. खत कमी पडलं असं समजून मी डोस वाढवला. शुद्ध गाढवपणा! दाटीत हवा खेळत नाही, आतल्या पानांतून पाण्याची वाफ उडत नाही, आणि कॅल्शियम तर पाण्याच्या ओढीबरोबरच वर चढतं. टाकीत ते भरपूर होतं, पानापर्यंत पोचत नव्हतं.

४० व्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. बारा रोपं मिळून ४१२ ग्रॅम. कोपऱ्यातलं सर्वांत मोठं ६१ ग्रॅम, मधली दोन मिळून २७.

दुसऱ्या खेपेला बुद्धिबळाच्या पटासारखी एक सोडून एक अशी सहाच भोकं भरली. तिरकं अंतर झालं पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. बाकी खत, दिवा, दिवस सगळं तेच. वजन ४३८ ग्रॅम. म्हणजे निम्म्या बियांत तेवढंच पीक, वर पानं स्वच्छ आणि गड्डे दाखवण्याजोगे. मला वाटलं मी काही शोध लावला. पण जपानी शास्त्रज्ञ तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच हे मांडून ठेवलंय. एका मर्यादेनंतर रोपं कितीही वाढवा, तेवढ्या जागेतलं एकूण पीक जवळपास तेवढंच राहतं, फक्त प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. दिव्याखालचा उजेड ठरलेला, तोच सगळ्यांत वाटायचा.

मग हाव सुटली आणि तीनच रोपं लावली. प्रत्येकी १०५ ग्रॅम, पण एकूण ३१५. उरलेला उजेड डब्याच्या झाकणावर वाया गेला.

सध्या माझी रीत अशी: बाराही भरायची आणि विसाव्या-एकविसाव्या दिवशी, पानं एकमेकांना शिवायला लागली की, एक सोडून एक उपटून कोवळी खाऊन टाकायची. मागच्या खेपेला त्या सहांचे ६८ ग्रॅम झाले आणि राहिलेल्यांचे ४२५. उपटताना मात्र जीव मुठीत धरावा लागतो, कारण तोवर खाली मुळांचा गुंता झालेला असतो. ओढू नका, रोप बसवलेला कप थोडा उचलून मुळं कात्रीने कापा. उशीर केलात तर शेजारचं रोप दोन दिवस माना टाकून बसतं.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. कोथिंबीर दाट लावली तरी तिची कुरकूर नसते. एका स्पंजात मी ८-१० दाणे टाकते, कारण ती पसरायच्या आत कापायचीच असते. बेझिल उलट: चार रोपं पुरे, आणि शेंडे खुडत राहिलं नाही तर शेजाऱ्यांचा उजेड तेच खातं. पुदिना मी एकदाच लावला. त्याच्या मुळांनी पंपाची जाळी बुजवली, आणि ते काम पुन्हा करायची माझी तयारी नाही.

आता तक्रार. सहा रोपं लावायची तर सहा भोकं झाकावी लागतात, आणि कंपनी टोपण देते दोन! उघड्या भोकातून उजेड पोषक पाण्यावर पडला की आठवड्यात हिरवं शेवाळ धरतं. मी काळ्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापून बसवल्यात. ओलावल्या की बदलते. एवढा खटाटोप गिऱ्हाइकानं का करावा?

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा टोपणांचा कापला, एक पूर्ण त्या खोक्यावरच्या फोटोचा.